हरणाबाईचा अंगठा

उंब्रजच्या अलीकडं, उसाच्या रानात हरणाबाईचं घर होतं. भर दुपारी माणसं सावलीला टेकली की तिला अंगणात बुटांचा आवाज यायचा. जड, नाल मारलेल्या बुटांचा. आवाज दारापर्यंत यायचा आणि तिथंच थांबायचा. हरणाबाई उठून दार उघडायची, तर समोर नुसतं ऊन.

तिचा एकुलता एक लेक आकाराम पलटणीत होता. एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडची कुठलीशी नदी ओलांडताना तो वाहून गेला. प्रेत सापडलं नाही. सरकारनं तो गेल्याचं कळवलं, त्याची पत्र्याची ट्रंक घरी पोचती केली. गावानं मान खाली घातली. हरणाबाई मात्र म्हणाली, "वाहून गेलेला मानूस कुटंतरी काठाला लागतोच की."

तिनं लेकाचे दिवस घातले नाहीत. सुनेचं कुंकू पुसू दिलं नाही. रोज दुपारी ती त्याचं ताट वाढून उंबऱ्याच्या आत ठेवायची आणि उन्हं कलली की गाईपुढं ओतायची.

सून अंजना हे सगळं मुकाट बघत आली होती. तिची पोरगी विजयमाला, म्हणजे विजू, बाप गेला तेव्हा रांगत होती. आता शाळेत घालायच्या वयाची झाली. अशात अंजनाच्या भावानं, कृष्णातनं, विट्याचं एक स्थळ आणलं. नानासो नावाचा बिजवर, मद्रासकडं सोनं गाळायचं दुकान, पोरीसकट बाईला सांभाळायला तयार. अंजना हो म्हणाली.

हरणाबाईनं तिला अडवलं नाही. एवढंच बोलली, "तू जा बाई, तुजं वय हाय. पर पोरगी मला ठेव. उद्या आकाराम आला आन घरात त्येचं कुनीच न्हाई दिसलं, तर?"

अंजना पोरगी सोडायला तयार होईना. बोलणं चिघळत गेलं. तेव्हा उभ्या जन्मात कोर्टाची पायरी न पाहिलेली हरणाबाई एकटीच एसटीत बसून इस्लामपूरला गेली आणि विचारत विचारत बाळगोंडा वकिलांच्या दारात उभी राहिली.

"नात माज्याजवळ ऱ्हाईल असा कागद करून द्या, वकीलसाहेब."

वकील म्हातारे, सावकाश बोलणारे. म्हणाले, "आजी, बापामागं पोरीवर पहिला हक्क आईचा. ती राजी असेल तरच मी लिहीन. आणि आपसातला कागद उद्या कोर्ट मानेलच असंही नाही. सूनबाईंना घेऊन या, समोरासमोर बोलू."

आठवड्यानं अंजना आणि कृष्णात आले. बरीच घासाघीस झाली. शेवटी, शाळा होईतो पोरगी आजीकडं आणि सुट्टीत आईकडं, यावर अंजना कशीबशी राजी झाली. वकिलांनी मसुदा लिहिला आणि वाचायला घेतला, "मयत आकाराम यांची अज्ञान मुलगी विजयमाला हिचा ताबा..."

"थांबा. मयत कोन?"

वकिलांनी कागदावरनं मान वर केली.

"काडा त्यो शबुद," हरणाबाई म्हणाली.

वकिलांनी चष्मा काढला. "आजी, तो शब्द काढला तर कागदच उभा राहत नाही. बाप हयात असेल तर पोरगी बापाची. मग ताबा देणारी सून कोण आणि घेणाऱ्या तुम्ही कोण?"

"म्हंजे नातीपायी मी लेकाला मारू व्हय?"

कागद वाचायला घेतल्यापासून भिंतीकडं बघत बसलेली अंजना तेव्हा बोलली.

"आत्याबाई, पोरगी मी का मागतीय ठावं हाय? दुपारी गल्लीतली पोरं चिंचंखाली खेळत्यात आन विजू उंबऱ्यात बसून असती. परवा हाक मारली तर तोंडावर बोट ठिवून म्हनली, 'गप. आबाचं बूट वाजत्यात.' बापाचं तोंड बी याद न्हाई वो तिला."

हरणाबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. बुटांचं तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सुनेला नाही, पोरीला तर नाहीच. तिला वाटे, तो आवाज फक्त आईसाठी आहे. आता तिला ती पोर दिसायला लागली: खेळ सोडून बसलेली, कान दाराला लावलेली, तशीच थोर होत जाणारी.

ती वकिलांकडं वळली. मग म्हणाली, "वकीलसाहेब, पोरगी आयकडंच लिवा. उन्हाळ्यात तेवढी माज्याकडं लावून देत जा, म्हनून घाला."

"आणि तो शब्द?"

"ऱ्हाऊ द्या."

कागद पुन्हा लिहिला. शाईच्या गादीवर टेकवलेला तिचा अंगठा वकिलांनी धरून कागदावर उमटवला.

अंजना जायच्या आधी कऱ्हाडला, कृष्णेच्या घाटावर, आकारामचे दिवस घातले. पिंडाला कावळा शिवेना. कृष्णात पिंडाकडं बघून म्हणाला, "दाजी, नानासो पोरीला लेकीसारखं बघतील, काळजी करू नगा." अंजना हात जोडून काहीतरी पुटपुटली. झाडावर कावळे होते, पण एकही खाली उतरला नाही. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. घरी येऊन हरणाबाईनं ताट वाढायचं बंद केलं.

ठरल्याप्रमाणं मे महिन्यात विजू आली. अंगानं भरली होती, बोलताना मधेच तिकडचे शब्द घालायची, दिवसभर रानात हुंदडायची. एका दुपारी ती आजीच्या मांडीवर डोकं ठेवून काहीबाही सांगत होती आणि अंगणात बूट वाजले. हरणाबाईनं पोरीच्या तोंडाकडं टक लावून बघितलं. विजूचं सांगणं चालूच होतं. तिकडं समुद्र आहे, त्यात पाय भिजवता येतात.

आवाज दारापाशी येऊन थांबला. हरणाबाई उठली नाही. नातीच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "मग? पानी लय खोल असतंय व्हय गं?"