त्र्यंबकरावांचे चाक आणि विहिणीचा पदर

सन १८८७. ठाण्याच्या कचेरीत थैल्यांवर लाखेच्या मोहरा करणारे त्र्यंबकराव नौपाड्यात राहत. ते स्वतःला अर्धे सुतार समजत. उरलेले अर्धे कोण, हे त्यांच्या पत्नीलाही, म्हणजे आवडाबाईंनाही, उमगले नव्हते. मुलगी मंदाकिनी बाळंतपणाला माहेरी आली, मुलगा झाला, आणि आजोबांनी फणसाच्या लाकडाचा पाळणा स्वतः ठोकला.

पाचव्या दिवशी कल्याणहून विहीण रखमाबाई आल्या. पाळण्यावरून हात फिरवला आणि बोटात कुसळ गेले.

"पाळणा आहे की करवत? बाराव्या दिवशी येईन. असाच असला, तर नातवाचं बारसं कल्याणला!"

त्या गेल्यावर मंदाकिनी रडू लागली. "अण्णा, पहिलं बारसं माहेरीच हवं हो."

त्र्यंबकरावांनी धारवाल्याकडून पायाने फिरवायचे जुने चाक आणले. दगड काढून लाकडी चकती बसवली. तिच्यावर लाकूड घासायचा काचकागद चिकटवायचा, पण कशाने? सुतार सरस वापरतात, आणि सरस होतो चामड्याचा.

"चामडं? बाळंतिणीच्या घरात?" आवडाबाईंनी विषय संपवला.

मग भाताची खळ लावली. चाक फिरले, कागद सुटला आणि थेट त्र्यंबकरावांच्या कपाळी बसला.

"तिकीट लागलं," आवडाबाई म्हणाल्या. "आता मोहर करा नि द्या टपालात!"

"अगं, मोहर! लाख!" म्हणत त्र्यंबकराव बाजारात पळाले. लाख विकतचीच आहे ना, सरकारी नाही ना, हे आवडाबाईंनी दोनदा विचारले. लाख वितळवून त्यांनी कागद गरमागरम दाबला. घट्ट बसला! पण जरा वेळ फळी घासली की चकती तापे, लाख मऊ पडे आणि कागद सरके.

"अहो, दमानं," आवडाबाई म्हणाल्या. "मी रामरक्षेचे दहा श्लोक म्हणते तोवर फिरवा. पुढचे दहा थांबा."

असे परसात सुरू झाले. पाळण्याच्या फळ्या सुट्या केल्या. दहा श्लोक चाक चाले. नाकाला उपरणे, फळी लाकडाच्या रेषांच्या दिशेने, हात हलका. पुढचे दहा श्लोक काथ्याच्या कुंच्याने कागदातला भुसा झाडायचा आणि आसाला खोबरेल द्यायचे. चाक पोचेना त्या कोपऱ्यांत त्र्यंबकराव हातानेच घासत. एरवी रामरक्षेच्या मध्यावर डुलक्या घेणाऱ्या माणसाला आठवड्यात कुठला श्लोक कितवा हे पाठ झाले.

बाराव्या दिवशी रखमाबाई आल्या. बोट त्यांनी लावलेच नाही. लुगड्याचा तलम पदर काढला आणि पुन्हा जोडलेल्या पाळण्याच्या सगळ्या कडांवरून सावकाश ओढत नेला. पदर कुठे अडकला नाही. शंका नको म्हणून त्यांनी उलटाही ओढला.

मग तो खांद्यावर टाकून त्या म्हणाल्या, "विहीणबाई, माझी कंबर तुम्हाला ठाऊक आहे. बारशाला पाळण्याखालून तुम्ही वाका, गोविंद घ्यायला. मी वरून गोपाळ देते."