दुसऱ्या ग्लासातलं पाणी

मी समुद्र अजून पाहिलेला नाही. तरी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला सेमिनारसाठी विषय घेतला तो समुद्राचाच : हवेतला कार्बन डायऑक्साइड तो कसा शोषतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. ज्याचा सेमिनार सगळ्यांत चांगला होईल त्याला विभाग भोपाळच्या स्पर्धेला पाठवणार होता. मला जायचं होतं, पण ते मी घराबाहेर कुणाला बोलले नव्हते.

पुस्तकातलं मला समजलं ते असं. हवेतला वायू समुद्राच्या पाण्यात विरघळतो आणि त्याचं सौम्य आम्ल होतं. नद्यांनी खडक झिजवून आणलेले क्षार पाण्यात असतात, ते या आम्लाला सामावून घेतात, म्हणून आणखी वायू मावतो. आपल्या गाड्यांचा, कारखान्यांचा कितीतरी धूर समुद्र असा गिळतो. पण त्यात त्याचं पाणीही हळूहळू बदलतं, आणि शिंपल्यांना कवच बांधणं जड जातं.

हे दाखवायचं कसं? घरी मी पाण्यात मीठ घातलं, आम्ल झालं की पिवळं पडणाऱ्या इंडिकेटरचे थेंब टाकले आणि नळीनं फुंकले. हिरवा रंग लगेच पिवळा पडला. खारट केलं म्हणजे समुद्र होत नाही, हे मला तेव्हा कळलं. मग ग्वारीघाटावरून बाटलीभर नर्मदेचं पाणी आणलं. खडक घासत आलेलं पाणी ते. त्यात फुंकत राहिले तरी हिरवा रंग बराच वेळ टिकला. आई भाकऱ्या थापत बघत होती. म्हणाली, "हे पानी त तुही फुंकर गिळून राहिलं." मला त्याहून सोपं सांगता आलं नसतं.

सेमिनारच्या दिवशी पहिला ग्लास नीट झाला. मिठाचं पाणी पिवळं झालं, सरांनी मान डोलावली. दुसऱ्या ग्लासात नळी बुडवली, तेव्हा त्यांनी विचारलं, हे पाणी कुठलं. मी सांगितलं. ते उठून जवळ आले.

"बेटा, मैया का जल मुँह लगाके जूठा नहीं करते."

मी म्हणाले, सर, प्रयोग आहे. ते हसून म्हणाले, "तुम लोगों में चलता होगा. यहाँ नहीं."

तुम लोग म्हणजे कोणत्या जातीचे, हे वर्गात सगळ्यांना कळलं. मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. सरांनी शिपायाला बोलावून माझा ग्लास बाहेरच्या कुंडीत ओतायला लावला आणि वहीत लिहिलं : अपूर्ण. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसानं.

त्याच घाटावर रोज शेकडो लोक गुळण्या करतात, साबण लावून अंघोळ करतात, वर उरलेली फुलं पिशवीसकट फेकतात. ते मैयाला चालतं. माझा श्वास चालत नाही. आणि माझ्या श्वासात असं वेगळं काय होतं? जो वायू त्यांच्या नाकातून निघतो, तोच माझ्याही.

बाबा फॅक्टरीतून आले तेव्हा मी सांगितलं. ते बूट काढता काढता थांबले. "मंग तू काहून गप्प बसली?" त्यांनी दुसरा बूट काढला. मग म्हणाले, "बाटलीत पानी उरलं आहे ना?"

उरलं होतं. दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले, प्रयोग पुरा करू द्या म्हणाले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, भोपाळला दुसऱ्याचं नाव गेलं आता, बहस मत करो. मी तिथून निघाले. भीतीनं नाही, पहिल्यांदाच रागानं. मी प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात कठड्यावर दोन्ही ग्लास मांडले. सिहोऱ्याहून रोज बसनं येणारी माझी एक मैत्रीण आहे, घरी मंगळवार, सोवळंओवळं पाळणारी. ती आली, काही न विचारता मिठाच्या पाण्याची नळी उचलू लागली. मी म्हणाले, ती नको, दुसरी घे.

ती क्षणभर थांबली. मग नर्मदेच्या पाण्यात फुंकू लागली. वर्गातली, पहिल्या वर्षाचीही मुलं एकेक करून बाहेर आली. सर दारात उभे राहिले, आत गेले. तिला दम लागला तेव्हा तिनं नळी माझ्याकडे दिली. मी ती तशीच तोंडाला लावली.

"अभी भी हरा है, दीदी," कुणीतरी मागून म्हणालं.