डाव्या हाताचे मलम

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. लिहिले मात्र होते — एका वहीत, उर्दूत. निजामाच्या राज्यात माझे सारे शिक्षण उर्दूतून झाले आणि बदनापूरच्या आमच्या घरात ती लिपी माझ्याखेरीज कोणाला वाचता येत नसे. वही उघडी पडली असती तरी चालले असते. मराठीत ही गोष्ट आज पहिल्यांदा उतरवतो आहे. लिहिण्याची सवय उतारवयात लागली; वाक्ये अडखळतील.

मला इसब झाला होता. कोपरांच्या आतल्या बाजूला कातडी कोरडी पडे, तिचे कोंड्यासारखे पापुद्रे सुटत. बाह्या मनगटापर्यंत ओढून मी ते झाकत असे. थोरल्या भावाची बायको, माझी वहिनी — तिला तोच विकार दोन्ही तळहातांना होता. तिने काय झाकावे? राख, शेण, पाणी यांत तिचे हात दिवसभर उघडे. 'हिच्या हातची भाकर नको,' असे म्हणून आईने एक दिवस तिला चुलीपासून उठवले. मी तिथेच जेवत होतो, बाह्या ओढून. काही बोललो का? नाही. पण मला सांगायचे आहे ते हे नव्हे.

'भाऊजी, तुमी येवढं शिकले,' वहिनी त्यानंतर म्हणाली, 'मंग माझ्या हाताचं काही बघा की. का नुसतं कागदच काळं करून राह्यले?'

त्याच आठवड्यात जालन्याच्या एका हकिमाने मला — मला, तिला नव्हे — काळ्या मलमाची डबी दिली होती. वास इतका उग्र, की लावण्याचा धीर होईना. मनात आले, हे बरे की घरचे करंजाचे तेल बरे? प्रश्न वाईट नव्हता. आजही वाटत नाही. फक्त उत्तरासाठी सारखेच दुखणारे दोन हात हवे होते. ते समोर होते.

'डाव्याला मलम, उजव्याला तेल,' मी सांगितले. 'हकीमसाहेबांनी तुमच्यासाठीच दिलंय.'

रोज सकाळी मी तिचे तळहात उजेडात धरून पाहत असे. पापुद्रे किती, भेगा किती, लाली कुठवर — सगळे वहीत. इतक्या आस्थेने तिच्याकडे त्या घरात दुसरे कोणी पाहत नव्हते, आणि तिला ते आवडे.

दहाव्या दिवशी उत्तर मिळाले. उजव्या हाताची कातडी मऊ पडली होती. डावा लाल होऊन चिरत चालला होता. त्या दिवसापासून मी स्वतःला करंजाचे तेल लावू लागलो. महिन्याभरात माझी कोपरे स्वच्छ झाली.

आणि तिला मलम थांबवायला सांगितले का? नाही.

ती स्वतःहून थांबणार नव्हती. आमच्याकडे औषध झोंबले, तरच ते खरे मानतात. 'झोंबतंय म्हंजी बराबर लागू पडतंय,' असे ती आईला ऐकवी. एकदाच तिने विचारले, 'उजवा बरा झाला, मंग डावाच का मागं राह्यला?'

'डाव्याचा आजार जुना आहे,' मी म्हणालो.

डबी संपली. तिने दुसरी मागितली. मी जालन्याला जाऊन आणली — का? मी बरा झालो होतो. शोधायचे काहीच उरले नव्हते. तरीही, चिरलेल्या हाताला ती किती दिवस लावत राहील, हे मला पाहायचे होते. तिने डबी खरवडून संपवली.

पुढे आईने तिला चुलीपाशी परत बसू दिले. डाव्या तळहाताची कातडी मात्र जाड, निबर झाली ती कायमची. तव्यावरची भाकरी ती त्याच हाताने उलटते. मागच्या महिन्यात बदनापूरला गेलो होतो, तेव्हा मी नको म्हणत असताना तिने तशीच एक उचलून माझ्या ताटात टाकली.

'ह्या हाताला चटका समजतच न्हाई, भाऊजी,' ती हसत म्हणाली. 'तुमच्या औषधाचा गुण.'

मी भाकरी खाल्ली.