संकल्पपत्रावरची सही

हिंदी मुलखातल्या बीरगावच्या शाळेत नशामुक्तीचे तास घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मी मनातून हसलेच. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! पोरं पेपरात ‘दारू वाईट’ लिहितात आणि घरी गेल्यावर बापासाठी चकणा आणतात. पण वरून हुकूम होता, तासांचा परिणाम काय झाला ते कळवा. मला लगेच युक्ती सुचली. निवडणुकीच्या वेळी आम्ही मुलांहाती पालकांची मतदानाची संकल्पपत्रं भरून घेतो, तशीच इथेही घ्यायची. ‘आजपासून एक थेंबही नाही’, खाली वडिलांची सही. या युक्तीचा मला भारी अभिमान वाटला.

आठवीतल्या एका मुलीनं सर्वांत आधी सही आणली. घरी मराठी बोलणारी, म्हणून माझ्या जवळची. वडील सिलतऱ्याच्या कारखान्यात लोखंडाच्या भट्टीवर कामाला, कित्येक वर्षं रोज पिणारे. “बाबा खरंच सोडून राहिले, मॅडम,” ती म्हणाली. मी वर्गाला तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

सहीनंतर तिसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचे हात थरथरू लागले. घाम, असंबद्ध बडबड. आईला बघवेना, तिनं पव्वा आणून दिला. मुलीनं तो मोरीत ओतला आणि वडिलांना त्यांची सही दाखवली. त्यांनी मान डोलावली. दुपारी झटके आले, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. इतक्या वर्षांची दारू अशी एकाएकी तोडू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी लागते, असं तिथे आईला सांगितलं गेलं. मला मिळालेल्या पुस्तिकेत हे छापलेलं होतं. मुलांना काय करायचंय, म्हणून मी ते पान सोडून दिलं होतं.

माझा अहवाल तोवर गेला होता. उपक्रम परिणामकारक, असं मी लिहिलं होतं. एका घरात परिणाम झालाही होता, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

मी भेटायला गेले तेव्हा ती दाराशीच बसली होती. “मॅडम, मी तो पव्वा सांडला नसता तं बाबा वाचले असते का?”

चूक माझी आहे, एवढंच सांगायचं होतं. “असं नाही बोलत, बेटा,” मी म्हणाले आणि उठले.

आता ती कॉलेजात जाते. रस्त्यात मी दिसले की स्कूटी थांबवून माझ्या पाया पडते. मी पडू देते.