भार बसायच्या आधी
तापलेल्या ताडपत्रीचा वास आला की मालवणातला, ताडपत्रीवर भरणारा आमचा जुजुत्सूचा, म्हणजे जपानी कुस्तीचा वर्ग आठवतो. शाळा अर्धवट सोडून लातूरहून बर्फाच्या कारखान्यात आलेल्या मला त्या वर्गातलीच काय ती माणसं होती. छातीवर कोणी बसला तर कोपरं आवळून तो चुकेपर्यंत थांबायचं, असं सर शिकवत. एकदा जुजुत्सूची सीडी बघून आलेला एक पोरगा म्हणाला, "थांबाचा कित्याक, सर? भार बसाच्या आधीच सुटाचा." सर त्याला झोपवून त्याच्या छातीवर बसले. पहिल्यांदा तो पुरता चेपला गेला. दुसऱ्यांदा सर टेकायच्या आतच त्यानं गुडघा मध्ये घातला आणि सर कलंडले. आता सर चिडून वर्गच बंद करतील, अशी मला भीती वाटली. सर पडल्यापडल्या म्हणाले, "आता तू वर बस नि माका शिकव. हळू रे, म्हातारो झालंय." आज मीही शिकवतो, कोणी नवं काढलं की घाबरतो, पण आधी मीच खाली झोपतो.