मॅडमच्या पर्समधली चावी

हातातलं सगळं सोडून लिहायला बसलेय. हे आजच सांगायला पाहिजे, उद्यापर्यंत थांबले तर फुटेन! आमच्या सोनकांबळे मॅडमच्या काळ्या पर्समध्ये आत्ता या क्षणाला एका विमानाची चावी आहे. हो, विमानाची!

मॅडमनी मला आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवला. मूळच्या मुरुडच्या, आता रिटायर होऊन नांदेडला राहतात. सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज, आणि चालू असलेली कुठलीही वस्तू दिसली की तिच्यावर तळहात ठेवून डोळे मिटायचे. मिक्सर, गिरणी, एसटीची खिडकी, काहीही. माझ्या बहिणीच्या साखरपुड्यात त्यांनी मांडवातल्या मोठ्या कूलरवर हात ठेवला आणि सरळ बटण बंद केलं. भर मे महिन्यात! नवऱ्याकडचे मामा ओरडले, "ओ मॅडम, जीव चाललाय गरमीनं!"

"गरमीनं कुणाचा जात न्हाई. पंख्याचं पातं सुटलं तर जाईल," मॅडम म्हणाल्या आणि पर्समधून पाना काढला. लग्नाकार्यात पाना घेऊन येणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

तर विमान. अर्धापूरजवळ मारोतरावांचं केळी पिकवायचं शेड आहे. त्याच्या एका कोपऱ्यात सलीमभाई गॅरेजवाले कित्येक वर्षांपासून एकच माणूस बसेल असं छोटं विमान बनवून राहिले होते. इंजिन एका भंगारात निघालेल्या परदेशी गाडीचं, रोटरी. म्हणजे त्यात पिस्टन वरखाली करत नाही, आत एक तिकोनी रोटर गोल फिरतो. पुढे लाकडी पंखा. परवानगीचे कागद झाले, माळावर धावपट्टी झाली, पण इंजिन वाढवलं की अख्खं विमान थरथरायचं. सलीमभाईंना घाई होती. डोळे कमजोर होत चाललेले, पुढच्या तपासणीत डॉक्टर उडू देईल का नाही, भरवसा नव्हता. मी मॅडमना विमान दाखवायला घेऊन गेले, तर ते मॅडमला म्हणाले, "थोडं थरथरतं मॅडम, ॲडजस्ट कर लेंगे."

मॅडमनी हात पुढे केला. "चावी द्या."

"काहून?"

"थरथरीनं बोल्ट ढिले होतात. वर गेल्यावर पंखा निखळला तर खाली काय येईल, ते मला गोळा करायचं न्हाई. थरथर सापडली की चावी देते."

चावी पर्समध्ये गेली. सलीमभाई माझ्याकडे बघून म्हणाले, "तेरी मॅडम है या फौजदार?"

गावात सगळ्यांचं एकच मत, गाडीचं इंजिन विमानाला चालत नसतं. मॅडम ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "अंदाज घरी ठेवून यायचा." त्यांनी इंजिनच्या झाकणावर स्टीलचं ताट ठेवलं, त्यात ज्वारी टाकली आणि स्वतःच चावी लावून इंजिन चालू केलं. इंजिन हळू असताना दाणे शांत, वाढवलं की ताटभर नाचायचे. मग जमिनीत काठी रोवून पंखा हातानं फिरवला. दोन्ही पाती काठीजवळून सारखीच जात होती, म्हणजे वाकडं काही नव्हतं. मग पंखा खोलून अर्धा वळसा फिरवून परत बसवला. थरथर बदलली! इंजिन तेच, जागा तीच, फक्त पंखा फिरवलेला. "इंजिन सुटलं बिचारं," मॅडम म्हणाल्या. "गुन्हेगार पंखा हाय."

पंखा तोलून बघितला तर एक पातं जड. हलक्या पात्यावर वार्निशचा हात मारून तोल साधला. ताटातले दाणे गप्प! सलीमभाईंनी जिलेबी आणली. आणि पुढच्या आठवड्यात दाणे परत नाचायला लागले. परत तोल साधला, परत तेच. तिसऱ्यांदा सलीमभाई चिडलेच. "मॅडम, मी म्हातारा होऊन राहिलो हितं! द्या ती चावी!"

"न्हाई."

दोघं दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मॅडम शेडमध्ये नुसत्या स्टूल टाकून बसल्या. इंजिन बंद. मी विचारलं, "मॅडम, काय बघून राहिल्या?" तर म्हणाल्या, "हे स्वस्तिक दर वेळी वरच कसं असतं गं?"

खंडे नवमीला मारोतरावांनी शेडमधल्या सगळ्या हत्यारांसोबत पंख्याची पण पूजा केली होती आणि एका पात्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. तेव्हापासून सलीमभाई काम संपलं की आठवणीनं ते पातं वर करून पंखा उभा ठेवायचे. "मारोतरावनं श्रद्धेनं काढलंय. त्याला पायाशी कसं ठेवायचं?"

आणि खाली? खाली नेहमी दुसरं पातं. केळी पिकायला ओलावा लागतो म्हणून फरशीवर रोज पाणी मारायचे, ओली पोती टाकायचे. त्या पात्याच्या टोकाचं वार्निश केळीचा क्रेट लागून उडालेलं. लाकूड बसल्या जागी पाणी पीत होतं आणि जड होत होतं!

मारोतराव कपाळाला हात लावून म्हणाले, "सलीमभाई, मला इचारायचं तरी!"

मॅडम हसल्या. त्या हसलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. "पंखा आडवा ठेवत जा. कुणी वर न्हाई, कुणी खाली न्हाई. मान बी राहतो, तोल बी राहतो."

पंखा मॅडमच्या बैठकीत भिंतीला आडवा टांगून चांगला वाळवला, टोकाला वार्निश केलं, तोल साधला. महिनाभर दाणे हलले नाहीत.

आज सकाळी मॅडमनी चावी दिली. सलीमभाई उडाले! माळावर एक चक्कर मारून खाली उतरले. आम्ही सगळे रडून, ओरडून राहिलो होतो, मारोतराव हार घेऊन धावले. मॅडम त्यांच्या आधी पोचल्या. गरम झाकणावर तळहात, डोळे मिटलेले.

मग डोळे उघडून दुसरा हात पुढे. "चावी."

"मॅडम, अब तो उड लिया!"

"म्हणूनच. पहिल्या उड्डाणानंतर बोल्ट बघावे लागतात. उद्या सकाळी या."

आणि सलीमभाईंनी निमूट दिली. हसत!

तुमच्याकडे आहे का असं कुणी, जे तुमच्यावर जीव आहे म्हणून तुमचीच चावी दाबून बसतं? तुम्ही पण चिडला होता का त्यांच्यावर?