अर्धापूरचा खलाशी

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आवडीनं वाचतो, पण खरं सांगू का... विश्वास ठेवून एकदाही वाचले नाहीत. माझा धंदाच तसा आहे. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत आमचा फोटो स्टुडिओ आहे, अब्बांच्या काळापासून. फोटोत 'भूत' कसं येतं हे मला पक्कं माहीत — एकाच रोलवर दोनदा फोटो निघाला, शटर उशिरा बंद झालं, लेन्सपुढं बोट आलं. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी मी स्वतः पाहिजे तशी भुतं बनवून दिलीत. त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तरी मी रागावणार नाही.

सुरुवात झाली ती रेणापूरच्या माणिककाकांपासून. नेव्हीतून रिटायर झालेले, वय झालेलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक दिवस जुन्या युद्धनौकांच्या फोटोंचा अल्बम घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "बाबू, हे सगळं उडत चाललंय. टिकंल असं काही तरी कर."

अल्बम उघडला आणि मी बघतच राहिलो. गोदीत उभी जहाजं, डेकवर वाळत घातलेले कपडे, तोफेच्या सावलीत पत्ते खेळणारी पोरं... हे एका घरातल्या पेटीत पडून राहावं असं मला वाटेना. मी एक वेबसाइट काढली. बघता बघता लातूर-नांदेडकडचे बरेच माजी नौसैनिक आपापले फोटो पाठवायला लागले. गल्लीतले लोक चेष्टा करायचे — "सलीमभाई, गावाला प्यायचं पाणी रेल्वेनं आलं, अन् तुम्ही जहाजं गोळा करून राहिलात!" मला मात्र नाद लागला होता.

काकांच्या अल्बममध्ये एक फोटो होता, धक्क्यावरून काढलेला. मोठं जहाज, आणि मागच्या कठड्याशी एकटाच एक खलाशी. अर्धा पाठमोरा, खांद्यावर टॉवेल, पँटचा एक पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेला. फोटोवर बुरशी चढली होती. अशा प्रिंटला पाणी लावायचं नसतं, हे मला अब्बांनी शिकवलेलं. पण त्या दिवशी लग्नाच्या अल्बमची घाई होती. मी ओला कापूस फिरवला. वरचा थर मऊ पडला, आणि तो माणूस कापसावर निघून आला... कापसावर नुसता करडा डाग. मी कापूस टोपलीत टाकला.

मग स्कॅन केला. कॉम्प्युटरवर शेजारचं थोडं पाणी, थोडं आभाळ घेऊन ती जागा भरली. काम इतकं सफाईदार झालं की मलाच जागा सापडेना. तो फोटो साइटवर टाकला. काकांना अल्बम परत नेऊन दिला. त्यांना नीट दिसत नव्हतंच, नुसता पानांवरून हात फिरवून म्हणाले, "लई मोठं काम केलंस, बाबू." मी काही बोललो नाही. त्यांच्याकडचा चहासुद्धा पिऊन आलो.

एक गोष्ट लक्षात घ्या — फोटो स्कॅन केला, तोही माणूस पुसला गेल्यानंतर. माणूस असलेली प्रत इंटरनेटवर कधी गेलीच नाही. माझ्या कॉम्प्युटरवरही कधी नव्हती.

काही महिन्यांनी, दुपारच्या वेळी, दोन बायका दुकानात आल्या. सत्तरीच्या एक मावशी आणि त्यांची सून. अर्धापूरहून बस बदलत आल्या होत्या. सुनेनं मोबाईलवर साइट उघडून दिली आणि मावशींनी तो माझ्यापुढं धरला. तेच जहाज.

"भाऊ, हा माझा केशव," मावशी म्हणाल्या. "धाकटा भाऊ. नेव्हीत गेला, दोनदा सुट्टीवर आला. मग तिकडंच विशाखापट्टणला दवाखान्यात वारला. घरी नुसती त्याच्या सामानाची पेटी आली. त्याचा एक फोटो न्हाई हो घरात. एवढा त्याच्यापुरताच मोठा करून द्या, भिंतीला लावते."

मी म्हणालो, "मावशी, कुठला भाग?"

त्यांनी बोट ठेवलं. थेट त्या जागेवर. माझ्या डोळ्यांना तिथं नुसतं पाणी दिसत होतं, मीच भरलेलं.

तरी विचारलं, "कसा उभा आहे?"

"आता दिसत न्हाई का तुम्हाला? थोडा पाठमोरा हाय. खांद्यावर टावेल. अन् एक पाय वर खोचलेला. घरीबी असाच. केळीला पाणी धरायला गेला की एकच पाय वर करायचा, दुसरा भिजवून यायचा. माय लई रागवायची." आणि त्या हसल्या.

सून माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "दादा, मला तर पाणीच दिसतंय. पण आत्या रोज बघून राहिल्यात. बोलतात पण त्याच्याशी. मला वाटलं माझ्याच मोबाईलची काच खराब..."

खोटं बोलणं सोपं होतं. फोटो लहान आहे, मोठा केला तर चौकोन-चौकोन होऊन फाटेल — एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण काकांपुढं गप्प बसलो होतो ते मनात ठसठसत होतं. मी सांगून टाकलं. "मावशी, तिथं माणूस होता. माझ्या हातून पुसला गेला. तुम्ही बघताय ते पाणी मी भरलंय."

त्यांनी मोबाईलकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मग मी कुणाला बघून राहिले, भाऊ?"

त्या ओरडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी मोबाईल रुमालात गुंडाळला आणि सुनेचा हात धरून पायरी उतरल्या. त्यांच्यासाठी मागवलेला चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी रेणापूर गाठलं. काकांना सगळं सांगितलं. त्यांनी भिंग घेऊन त्या पुसलेल्या जागेवर बराच वेळ धरलं. मी विचारलं, "काका, कोण होता तो?"

"नाव आठवंना. अर्धापूरकडचा होता. आम्ही केळीवाला म्हणायचो. सदा खांद्यावर टावेल टाकून डेकवर हिंडायचा, त्यावरून साहेबाच्या शिव्या खायचा." मग त्यांनी अल्बम मिटला आणि पेटीत ठेवला. "बाकीचे फोटो आता राहू दे, सलीम."

त्यांनी मला नावानं हाक मारली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

मावशींना एवढं तरी कळवावं म्हणून, दुकानात येण्याआधी सुनेनं ज्या नंबरवरून पत्ता विचारला होता, त्यावर आठवड्याभरानं फोन लावला. वाटलं, थोडा दिलासा मिळेल. मावशी फोनवर आल्या. काका काय म्हणाले ते सांगितलं.

"हाव का... म्हणजे त्योच होता," त्या म्हणाल्या. मला वाटलं, आता फोन ठेवतील.

"भाऊ, आता दिसंना."

"काय मावशी?"

"तुमच्याकडून आल्यापासून दिसंना. रोज उघडते. जहाज हाय, पाणी हाय. केशव न्हाई. तुम्ही सांगितलं नसतं तर..." त्यांनी फोन ठेवला.

मी सर्व्हर तपासला. मोबाईलमध्ये जुनी प्रत राहिली असेल का, दुसऱ्या कुणी असाच फोटो टाकला असेल का, सगळं बघितलं. काही सापडलं नाही. एक डॉक्टर मित्र म्हणतो, म्हातारं मन आहे, आठवणीतलं माणूस दिसतं. असेलही. पण मग बोट बरोबर तिथंच कसं पडलं? अख्खं जहाज मोकळं होतं.

कापसानं पुसला ती चूक होती, हे मला कळतं. दुसऱ्यांदा पुसला तो खरं बोलून, आणि त्याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही.

फोटोखाली आता मी ओळ टाकली आहे — 'कठड्याशी उभा केशव, अर्धापूर.' बघणारे विचारतात, कुठं आहे, कोणीच दिसत नाही. मी उत्तर देत नाही. तुमच्यापैकी कुणाला दिसलाच, तर कृपा करून मला कळवू नका. मी पुन्हा काही तरी खरं बोलून बसेन.